दुसऱ्याच्या नावाला ओ

चिलोंगवे, डोडोमा प्रांत, टांझानिया
९ फेब्रुवारी १९९८

श्रीमती खेतिवे म्पुंगोसे यांस,
मेशाक न्दाहानीचा नमस्कार.

माळावरच्या थडग्यांची देखभाल करणारा मी कोण आणि माझ्या शब्दावर विश्वास का ठेवायचा, असं आपण विचारलंत. प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी माझ्या हातून काय काय झालं ते सांगतो. चर्चची घंटा, ट्रकच्या चाकाच्या लोखंडी कडीची. तिचा आवाज नदीपलीकडे जातो. दवाखान्याच्या सगळ्या खिडक्या. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, सायकलच्या साखळीवर चालणारं. पाद्रीबाबांच्या आईसाठी चाकांची खुर्ची. माझं स्वतःचं घर, पायापासून पत्र्यापर्यंत, आणि त्याच्या विटाही. सरकारी हातपंपाचा दांडा सारखा मोडायचा म्हणून मी दुसरा केला, तो अजून मोडलेला नाही. आणि माळावरच्या थडग्यांवरच्या लाद्या, अक्षरांसकट: दहा चौकोनी, एक गोल. यातलं काहीही मला कुणी शिकवलं नाही. मी पाहिलं, चुकलो, मोडलं, पुन्हा केलं.

आता आपल्या कामाचं. आपण दिलेलं नाव, म्फिकेलेली म्पुंगोसे, एकाही लादीवर नाही. त्यात नवल नाही. आपापल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या इथल्या छावण्यांत कुणी खरं नाव सांगत नसे. इथं नाव फुटलं की तिकडे घरच्यांच्या दारात पोलीस. प्रत्येकानं लढाईपुरतं एक नाव घेतलेलं, मेला तरी तेच. पण 'सायमन बेकर' नावाचा एक तुमच्याकडचा होता. १९६७ साली गेला. उंच, डावखुरा. मानेवर इस्त्रीचा डाग. कुणी विचारलं की म्हणायचा, धाकट्या बहिणीनं दिलेलं पदक आहे. हा तुमचा असेल तर कळवा.

इथली एक रीत सांगून ठेवतो. या माळावर पाच देशांच्या पाच छावण्या होत्या. पंचवीस मे आला, म्हणजे अदिस अबाबाला सगळ्या आफ्रिकेनं एकत्र यायचं ठरवलं तो दिवस, की त्या संध्याकाळी कुणी आपल्या चुलीवर जेवायचं नाही, शेजारच्या देशाच्या चुलीवर जेवायचं. मग गेलेल्यांची नावं पुकारायची. मेलेल्याच्या नावाला त्याच्या देशाच्या माणसानं ओ द्यायची नाही. दुसऱ्या देशाच्या कुणीतरी उभं राहून 'हजर' म्हणायचं, आणि ज्यानं ओ दिली त्यानं वर्षभर त्याचं बघायचं. आपल्या माणसासाठी उभे सगळेच राहतात, असं ते म्हणत. पुढे एकेक देश सुटला, एकेक छावणी उठली. नावं अजून पुकारली जातात. मी पुकारतो, गावचे लोक ओ देतात. आम्ही सगळ्यांनाच परके, त्यामुळे रीत मोडत नाही.

आपला,
मेशाक न्दाहानी


न्कुतू, क्वाझुलू-नाताल, दक्षिण आफ्रिका
२७ फेब्रुवारी १९९८

फुंडी न्दाहानी यांस,

पत्रासोबत आलेल्या तुमच्या पाद्रीबाबांच्या चिठ्ठीत तुम्हाला 'फुंडी' म्हटलंय आणि हाताचा कसबी असा अर्थ दिलाय, म्हणून मीही तसंच म्हणते.

इस्त्री मीच चिकटवली. मी नऊ वर्षांची होते, तो माझी वही देत नव्हता. कोळशाची इस्त्री होती. महिनाभर तो आईला सांगत होता की चुलीवर पडलो. १९६३ साली एका रविवारी चर्चला जातो म्हणून निघाला तो निघालाच. त्यानंतर आज पहिल्यांदा त्याचं बोलणं कुणी मला सांगितलं. मी पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स होते, माणसं मरताना पाहून रडत नाही. तुमचं पत्र मी संडासात जाऊन वाचलं, आई ऐकेल म्हणून.

आई अठ्ठ्याऐंशीची आहे. तिच्या पायांना सूज आहे आणि हृदय थकलंय. किती दिवस ते मला कळतं, तिलाही कळतं. ती एकच सांगते, माझ्या आधी त्याला घरी आणा. वडिलांच्या शेजारी, गुरांच्या वाड्याला लागून, तिनं जागा राखून ठेवली आहे. तिथं कुणाला शेळीसुद्धा बांधू देत नाही.

आमच्याकडे आता सरकार आपलं आहे. बाहेर मेलेल्यांना परत आणायचं काम चाललंय. एक शिष्टमंडळ पंचवीस मेलाच तुमच्याकडे येणार आहे, अस्थींची पेटी घेऊनच परतणार. तेव्हा मला कळवा: थडगं किती खोल आहे? माती कशी आहे? इतक्या वर्षांनी हाडं कशा अवस्थेत असतील? उघडून विचारते, कारण माझा धंदाच तो होता.

तुमची आभारी,
खेतिवे म्पुंगोसे


चिलोंगवे
१६ मार्च १९९८

खेतिवेताई,

पत्र पोचलं. डाग तुमचाच ठरला याचा आनंद झाला.

लादीबद्दल लिहितो. सिमेंट, नदीची वाळू, खडी, आत ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी. अक्षरं ओल्या सिमेंटमध्ये पत्र्यानं कापलेली, रंगवलेली नाहीत. रंग उन्हात जातो. दर दोन वर्षांनी मी चिरा बघतो. एकही नाही. भोवती दगडांचं कडं केलंय आणि पावसाचं पाणी बाहेर जाईल असा उतार दिलाय. असं थडगं प्रांतात दुसरं नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मी बाकीची पाहिली आहेत.

ताई, माझं मत विचाराल तर त्याला हलवू नका. तुम्हीच या. आईंना प्रवास झेपणार नाही हे कळतं, पण तुम्ही या. आमच्याकडे उतरा. बायकोच्या हातची मक्याच्या पिठाची उगाली आणि मलेंदाच्या पानांची भाजी खा, ती बुळबुळीत लागते म्हणून तुमचा भाऊ आधी तोंड वाकडं करायचा आणि मग दुसऱ्यांदा मागायचा. पावसानं रस्ता वाहून गेलाय, एप्रिलअखेर नीट होईल.

पेटीचं घाईनं ठरवू नका.

मेशाक न्दाहानी


न्कुतू
४ एप्रिल १९९८

श्री. न्दाहानी यांस,

मी तीन प्रश्न विचारले होते. तुम्ही मला सिमेंटचं प्रमाण पाठवलंत.

काल लोंगवाने म्हणून एका गृहस्थांचा फोन आला. तुमच्याकडच्या स्मारकाचा आणि पेट्या आणायचा ठेका त्यांच्या कंपनीकडे आहे. ते म्हणाले, तुमच्या भावाचं थडगं सापडलंय, सात नंबरचं. माती मऊ, खोली सहा फूट, एका दिवसाचं काम. फक्त देखभाल करणाऱ्या माणसाची सही राहिली आहे, आणि तो माणूस आढेवेढे घेतोय. मी विचारलं, का घेतोय? ते हसले. म्हणाले, बाई, असली माणसं का आढेवेढे घेतात ते तुम्हाला मी सांगायला हवं का?

सात नंबर हे तुम्ही मला का सांगितलं नाही? मी तुमच्या अक्षरांचं, उताराचं, चिरांचं कौतुक करायचं आणि तुम्ही माझा भाऊ धरून बसायचं, असं आहे का? त्या लाद्या तुमच्या असतील. खालचा माणूस आमचा आहे.

काही हवं असेल तर सरळ सांगा. माझी पेन्शन मोठी नाही, पण मला कोड्यात बोलणं जमत नाही. आई रोज सकाळी डोळे उघडते आणि म्हणते, निघाला का? मी म्हणते, निघतोय. मला तिला खोटं सांगायला लावू नका.

खेतिवे म्पुंगोसे


चिलोंगवे
२० एप्रिल १९९८

श्रीमती म्पुंगोसे,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग भट्टी पेटवून दिवसभर लोखंड ठोकत बसलो. आता लिहितो. यातलं आईंना किती वाचून दाखवायचं ते तुम्ही ठरवा. तेवढ्यासाठीच मी गप्प होतो, दुसऱ्या कशासाठी नाही.

सात नंबरमध्ये तुमचा भाऊ नाही. तिथं नामिबियाचा एक मुलगा आहे, हिवतापानं गेलेला. त्याला खाली ठेवताना मी तिथं उभा होतो. उद्या त्याची आई आली तर तिला मी खड्डा दाखवू का?

तुमचा भाऊ गोल लादीखाली आहे. लादी गोल आहे कारण ती विहीर आहे.

१९६७ च्या मार्चमध्ये तुमच्या छावणीनं आणि मोझांबिकच्या छावणीनं मिळून विहीर खणायला घेतली. पाणी दोघांनाही कमी पडत होतं. मी अठराचा होतो, वर दोर ओढणाऱ्यांत होतो. वरची माती तांबडी आणि घट्ट, म्हणून सगळे निर्धास्त. खाली वाळू लागली. बेकर तळाशी खणत होता, अडतीस फुटांवर. त्याच्या वर शिडीवर सेलेस्तिनो होता, म्वेदाच्या पठारावरचा, माकोंडे जमातीचा, मोझांबिकचा. दोघांची भाषा एक नव्हती. आमची स्वाहिली मोडूनतोडून बोलत आणि एकमेकांना शिव्या मात्र आपापल्या भाषेत घालत. वाळू सरकायला लागली तेव्हा सेलेस्तिनोला वर यायला दोन हात राहिले होते. त्याचं मनगट माझ्या हाताला लागलं होतं. तेवढ्यात खालून बेकरनं त्याच्या नावानं हाक मारली. सेलेस्तिनोनं ओ दिली आणि तो खाली उतरला. त्याच्या मागोमाग वाळू गेली.

दोन दिवस आम्ही उपसलं. जितकं काढावं तितकं आत येई, आणखी एकाचा पाय गेला. मग दोन्ही छावण्यांचे म्होरके विहिरीच्या काठाशी बोलले, दोघांच्या पद्धतीनं प्रार्थना झाली आणि विहीर बुजवली. त्याच वर्षीच्या पंचवीस मेला सायमन बेकरचं नाव पुकारलं तेव्हा तुमच्या छावणीतला कुणी तोंड उघडायच्या आत मोझांबिकचा एक म्हातारा उठून म्हणाला, हजर. आणि सेलेस्तिनोच्या नावाला तुमच्याकडचा एक उठला. ती रीत तिथून पडली. मी तुम्हाला रीत सांगितली, विहीर सांगितली नाही. 'तुमचा मुलगा वाळूत गुदमरला' हे एका आईला पोस्टानं कळवायची मला हिंमत झाली नाही.

ती वाळू आजही तशीच आहे. यंत्रानं खणलं तरी खणणारा मरेल. आणि कसंही करून खाली पोचलंच, तर कुठलं हाड कुणाचं हे सांगणारा कुणी नाही.

तुमच्या लोंगवान्यांना हे सगळं ठाऊक आहे. मी त्यांना विहिरीवर नेऊन उभं केलं होतं. पंचवीस तारखेला पेटी रिकामी दिसायला नको, एवढंच त्यांना कळतं. सात नंबरचा माणूस म्फिकेलेली म्पुंगोसे आहे, असं मी लिहून द्यायचं. मी लिहून देणार नाही. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत तरी देणार नाही. तुम्हाला आईंसाठी एक पेटी हवीच असेल, कुणाचीही, तर तसं स्पष्ट लिहा. मग निदान मी कुणाच्या आड उभा आहे ते मला कळेल.

मेशाक न्दाहानी


न्कुतू
२ मे १९९८

मेशाकभाऊ,

मी सगळं पत्र आईला वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, हृदय थांबलं. मी तिची नाडी धरली. तिनं हात झटकला. म्हणाली, "मग तो एकटा नव्हता."

मग म्हणाली, "त्या दुसऱ्याच्या आईला कुणी सांगितलं का?"

आता तुम्हाला जे सांगते ते मी आधीच सांगायला हवं होतं. आमच्यात माणूस परक्या जागी गेला आणि हाडं नाही आणता आली, तरी त्याला आणता येतं. बोरीच्या जातीचं एक काटेरी झाड असतं, एक काटा सरळ, एक मागं वाकलेला. त्याची फांदी मेल्या जागेवर टेकवायची. कुळाच्या नावांनी हाक मारायची, चल घरी म्हणायचं. मग फांदी घेऊन निघायचं आणि वाटेत तिला सगळं सांगायचं, आता गाडीत चढतोय, आता नदी ओलांडतोय. तिला गाडीत वेगळी जागा, वेगळं तिकीट. नेणाऱ्यानं घरी पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही.

मी शिकलेली. मला पेटी हवी होती, पेटी दिसते, तिच्यावर झेंडा घालता येतो. आईनं एकदाही पेटी मागितली नव्हती. तिनं मुलगा मागितला होता. पेटी मी तिच्या तोंडी घातली.

कुळातले म्हातारे म्हणतात, फांदी पुरुषानं आणायची. आमच्या घरात पुरुष उरलेला नाही. आईनं त्यांना सांगितलं, मग तुम्ही जा. त्यांच्यातल्या एकाला मोतीबिंदू आहे, दुसऱ्याला बायको. मी निघतेय. चौदाला बस आहे, पंचवीसच्या आत पोचेन.

लोंगवान्यांना मी फोन करून नाही म्हटलं. ते म्हणाले, कार्यक्रम छापून झालाय, आता एका कुटुंबाच्या इच्छेचा प्रश्न राहिलेला नाही. त्यांचा आवाज मला आवडला नाही. मी येईपर्यंत सात नंबरला कुणाला हात लावू देऊ नका. त्या मुलाचं तिथं कुणी नाही म्हणून सांगते.

तुमची बहीण,
खेतिवे


डोडोमाच्या बसथांब्यावर, चहावाल्या अस्माबाईंकडे ठेवलेलं
२० मे १९९८

ताई,

तुमचं पत्र परवा मिळालं. हे माझ्या बायकोच्या हाती पाठवतोय, मला जागा सोडता येत नाही.

कंपनीची माणसं सतराला आली. फावडी, प्लॅस्टिकचे हातमोजे, नवी कोरी पेटी. बरोबर वॉर्डचा अधिकारी. मी जाऊन सात नंबरच्या लादीवर बसलो. अधिकारी म्हणाला, न्दाहानी, ऊठ, ही सरकारी जागा आहे. मी म्हटलं, जागा सरकारी, लादी माझी. लादी उचलून नेतो म्हणालो तर परवानगी लागेल का? तो म्हणाला, मस्करी करू नकोस. मी मस्करी करत नव्हतो, ती एकट्याच्यानं उचलत नाही हे मला ठाऊक आहे.

त्यांनी चोवीसपर्यंत मुदत दिली आहे. सही नाही दिली तर पोलीस आणून उठवणार. स्मारकाच्या चबुतऱ्याचं काम मला मिळणार होतं, ते गेलंच समजा. गावात दोन तट पडलेत. काही म्हणतात, परक्या पोरांच्या हाडांपायी मेशाक गावाचा रस्ता घालवतोय, कारण स्मारक झालं तर डांबर येणार आहे. काल त्यातल्याच एकीनं मला जेवण आणून दिलं आणि ताट ठेवता ठेवता सांगितलं की तू मूर्ख आहेस. जेवण गरम होतं.

पंचवीसच्या आत या. घरच्या माणसाच्या तोंडून 'हा आमचा नाही' एवढं ऐकलं की त्यांच्याकडे सांगायला काही उरणार नाही. तोवर मी इथंच आहे.

तुमचं ते झाड आमच्याकडेही आहे. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर एक उभं आहे. इतकी वर्षं मी त्याच्या काट्यांना नावं ठेवत आलो.

मेशाक


न्कुतू
१९ जून १९९८

मेशाकभाऊ,

पोचलो. आधी हेच लिहायचं होतं.

निघताना तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. फांदी हातात घेतली आणि माझं तोंड बंद झालं. तुम्ही बसपर्यंत माझी पिशवी आणलीत, जागेवर बसवलंत, दोन्ही फांद्यांना पट्ट्यानं बांधलंत आणि गाठ पुन्हा तपासलीत. मी नुसती मान हलवली. ती मान धन्यवाद म्हणून होती.

चोवीसला त्या पोलिसांसमोर मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंतच. "हा माझा भाऊ नाही, आणि जो आहे तो तुमच्या पेटीत मावणारा नाही." घरून निघाल्यापासून तेवढंच वाक्य घोकत होते. लोंगवाने माझ्याकडे बघायच्या ऐवजी घड्याळाकडे बघत होते.

पण खरं अवघड गेलं ते दुसऱ्या दिवशी. तुम्ही सायमन बेकर पुकारलंत, मी उठायला लागले, तेव्हा तुमच्या बायकोनं माझा दंड धरून खाली बसवलं. तुम्ही कुणाकडे न बघता स्वतःच म्हणालात, हजर. मग सेलेस्तिनोचं नाव. सगळे थांबले होते. तेव्हा कळलं की माझ्यासाठी थांबलेत. मी उठले. भाऊ, मी आयुष्यात कितीदा हजेरी दिली असेल, शाळेत, वॉर्डात. त्या एका शब्दाला इतकं वजन असतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि तुमचीच रीत, ज्यानं ओ दिली त्यानं बघायचं. मग एक फांदी घेऊन मी कशी निघणार होते?

त्याच्या कुळाची नावं मला येत नव्हती. म्हणून काठाशी वाकून बेकरनं मारली तशीच हाक मारली, नुसत्या नावानं. त्या हाकेला त्यानं एकदा ओ दिली होती.

मलावीत बस बदलली. तिकीट तीन, माणूस एक, जागा तीन. कंडक्टर म्हणाला, बाई, ही लाकडं टपावर टाका. मला बोलता येईना. मग मी फांदीलाच म्हटलं, म्फिकेलेली, या भल्या माणसाला सांग की आपण तिकीट काढलंय. तो म्हणाला, वेडी आहे. शेजारी एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उभी होती, तिनं पाटी रिकाम्या जागेवर ठेवलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, फांद्यांकडे पाहिलं, आणि गुपचूप पाटी उचलून मांडीवर घेतली. मग कंडक्टरकडे वळली. तिची भाषा मला येत नाही, पण ती काय काय बोलली असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मोझांबिकच्या सीमेवर अधिकारी गाडीत चढला. किती जण? मी गप्प. तो पुन्हा ओरडला. तेव्हा ती कोंबडीवाली मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "चौघं. ही, मी आणि ही दोन पोरं." त्यानं फांद्या पाहिल्या, टोपी काढली आणि पुढे गेला.

तिथं मी दुसऱ्या फांदीला सांगितलं, सेलेस्तिनो, तुझा देश आला. तुझं पठार इथून फार लांब उत्तरेला आहे, पण देश तोच. उतरायचं तर उतर, आम्ही रागावणार नाही. यायचं तर ये, तिकीट शेवटपर्यंत काढलंय. गाडी तिथं बराच वेळ थांबली. तो उतरला की नाही, मला ठाऊक नाही. त्याची फांदी मी उचलली तेव्हा ती मला हलकी वाटली. पण मी दमले होते, त्यामुळे सांगता येत नाही.

आई दारात बसली होती. दोन चटया घातल्या होत्या, दोन भांडी घरची ज्वारीची बिअर. कुळातला तो मोतीबिंदूवाला म्हणाला, परक्याला आत घ्यायचं का ते आधी ठरवायला हवं. आई म्हणाली, "माझ्या लेकाच्या हाकेला जो उतरला, त्याला मी दारात उभं करू?"

पुरलं दोघांना. सेलेस्तिनोची फांदी उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे तो उतरला असेल तरी वाट चुकायला नको. वाट बघायला दारात घातलेली खाट आईनं त्या रात्री आत सरकवू दिली. आता ती फारशी बोलत नाही. पण परवा डोळे न उघडता तिनं विचारलं, त्या माणसाला सहीचे काय देत होते? मी म्हटलं, मला ठाऊक नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. ती म्हणाली, विचार. मला कळायला हवं.

म्हणून विचारते.

तुमची बहीण,
खेतिवे


चिलोंगवे
१२ जुलै १९९८

खेतिवेताई,

आनंद झाला. बायकोला वाचून दाखवलं, कोंबडीवालीपाशी ती हसली आणि मग उठून बाहेर गेली.

चबुतरा झाला. डोडोमाच्या कुणीतरी बांधला. वाळू न चाळता वापरली आहे. पहिली चीर पूर्वेच्या कोपऱ्यात आहे, माझी करंगळी जाते. डांबराचं अजून नाव नाही. मला मूर्ख म्हणणारी बाई आता तो शब्द न वापरता बोलते, ही प्रगती आहे.

सात नंबर जागेवर आहे. त्याच्याबद्दल मी पाद्रीबाबांच्या ओळखीनं नामिबियाला लिहिलंय. म्वेदालाही लिहिलंय. मोझांबिकहून अजून काही आलेलं नाही. आलं तर त्यांना तुमचा पत्ता देईन, कारण आता त्याचं बघणारं घर तुमचं आहे. बेकरचं मी बघतो, ओ मी दिली आहे. विहिरीवरची गोल लादी मी काढणार नाही. तिच्यावर एकच नाव होतं, ते मला इतकी वर्षं खटकत होतं. मी लादी केली तेव्हा छावणीनं एकाचंच सांगितलं होतं. आता सेलेस्तिनोचं छिन्नीनं कापलंय, त्याच मापाच्या अक्षरांत, तितकंच खोल. आणि तुमच्या भावाचं खरं नाव खाली. बेकर खोडलेलं नाही. त्यानं हाक मारली तेव्हा तो त्याच नावाचा होता, ते असू दे.

आता आईंच्या प्रश्नाचं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आकडा सांगितला की माणसं आकडाच बघत बसतात. पण आईंनी विचारलंय, आणि त्यांना मोघम सांगणं मला जमणार नाही.

लोंगवाने तीनदा आले. पहिल्यांदा चहा पिऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, चबुतऱ्याचं सगळं काम तुझं, पाया ते पाटी, आणि पाटीवर खाली बारीक अक्षरांत तुझं नाव. ते ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही, हे आईंना सांगा, लपवू नका. माझं नाव मी आजवर कशावरही कोरलेलं नाही. तिसऱ्यांदा ते लादीवर माझ्याशेजारी येऊन बसले, सात नंबरवरच, आणि त्यांनी पाकीट आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. म्हणाले, एका ओळीची सही आहे फुंडी, आणि त्या म्हातारीला आनंदच होईल.

काम, पाटीवर नाव, आणि रोख बारा लाख शिलिंग, म्हणजे माझी चार वर्षांची कमाई. मी नाही म्हटलं.

मेशाक न्दाहानी